स्कॉर्पियन्सचं ‘विंड ऑफ चेंज’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत पडल्याचा दिवस जवळ आला की या गाण्याबद्दलचे प्रश्न न चुकता येतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून आता एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे गाणं नक्की कुणाचं? बँड जर्मन असेल तर गाणं इंग्रजीत कसं?

स्कॉर्पियन्स या जर्मन रॉक बँडचं. गिटारवादक रुडॉल्फ शेंकर यांनी १९६५ साली हानोफर परिसरात हा बँड सुरू केला. गायक क्लाउस माइने हेही हानोफरचेच. जर्मनीबाहेरचा श्रोता मिळवायचा हे त्यांनी फार लवकर ठरवलं होतं, म्हणून गाणी इंग्रजीतच केली. जपान आणि अमेरिकेत ते मोठे झाले तरी मायदेशात बराच काळ त्यांचं तितकंसं कौतुक नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं.

एरवी त्यांच्या गाण्यांच्या चाली बहुतेकदा शेंकरांच्या आणि शब्द माइने यांचे असतात. या गाण्याचे मात्र शब्द आणि चाल दोन्ही एकट्या माइने यांचे आहेत.

२. बॅलड म्हणजे पोवाडाच ना? शब्दकोशात तर तसंच दिलंय.

शब्दकोश चुकलेला नाही, पण तो जुन्या अर्थाचा आहे. कथा सांगणाऱ्या लोकगीताला इंग्रजीत बॅलड म्हणत, त्याला मराठीत जवळचा शब्द पोवाडा. रॉकवाल्यांची बॅलड वेगळी. संथ लय, सुरुवातीला हळुवार गिटार किंवा पियानो, मग ड्रम येतात, कोरसला आवाज चढतो आणि मध्ये कुठेतरी इलेक्ट्रिक गिटारचा सोलो. ऐंशीच्या दशकातल्या जवळजवळ प्रत्येक हार्ड रॉक बँडला अल्बममध्ये अशी एक तरी बॅलड लागायचीच, कारण रेडिओवर तीच वाजायची. स्कॉर्पियन्सचा तर यात हातखंडा होता. ‘स्टिल लव्हिंग यू’ (१९८४) ही त्यांचीच.

गंमत म्हणजे ‘विंड ऑफ चेंज’ हे प्रेमगीत नाही. एका काळाचं, घटनांचं गाणं आहे. त्यामुळे पोवाडा म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत, फक्त डफ नाही.

३. गाणं लिहिलं कधी आणि बाजारात आलं कधी?

लिहिलं सप्टेंबर १९८९ मध्ये. ‘क्रेझी वर्ल्ड’ या अल्बममध्ये आलं नोव्हेंबर १९९० मध्ये. सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, आलं जानेवारी १९९१ मध्ये. या तीन तारखा लक्षात ठेवा, पुढचे निम्मे गोंधळ त्यांनीच सुटतात. अल्बमचे निर्माते कीथ ओल्सन. त्याआधीची अनेक वर्षं बँड डीटर डीर्क्स यांच्याबरोबर काम करत होता.

४. हे बर्लिनची भिंत पडली त्यावरचं गाणं आहे ना?

नाही. सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि ‘हो’ हे उत्तर इतक्या ठिकाणी छापलेलं आहे की ‘नाही’ म्हटलं की लोक मलाच पुरावा मागतात.

पुरावा गाण्यातच आहे. त्यात बर्लिन नाही, भिंत नाही, जर्मनीसुद्धा नाही. आहे ती मॉस्कोची नदी, मॉस्कोतली बाग, ऑगस्टमधली रात्र आणि बाजूने जाणारे सैनिक. भिंत उघडली ९ नोव्हेंबर १९८९ ला. तोवर गाणं लिहून झालेलं होतं.

तो सप्टेंबर कसा होता तेही आठवायला हवं. पूर्व जर्मनीचे नेते एरिक होनेकर यांनी त्याच वर्षी जानेवारीत जाहीर केलं होतं की भिंत अजून पन्नास, अगदी शंभर वर्षंही उभी राहील. हंगेरीने सीमा उघडल्यामुळे सप्टेंबरमध्ये पूर्व जर्मन नागरिक त्या वाटेने पश्चिमेला निसटू लागले होते, पण खुद्द बर्लिनमध्ये पहारा तसाच होता. काहीतरी हलतंय एवढं जाणवत होतं. पुढे काय होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, माइने यांनाही नाही.

म्हणून मी याला विजयगीत म्हणत नाही. बातमी यायच्या आधी केलेलं हे आशेचं गाणं आहे. लग्नात वाजवायला म्हणून सनई आणावी आणि लग्न ठरलंय की नाही तेच माहीत नसावं, असा प्रकार. लग्न झालं, म्हणून सनई शहाणी ठरली.

५. मग ते भिंतीला जोडलं गेलं कसं?

वेळेमुळे आणि व्हिडिओमुळे. लोकांच्या कानावर गाणं पडलं १९९१ मध्ये, म्हणजे भिंत पडून आणि जर्मनीचं एकीकरण (३ ऑक्टोबर १९९०) होऊन गेल्यावर. व्हिडिओत भिंतीची दृश्यं आहेत, आणि ज्यांनी ते टीव्हीवर पाहिलं त्यांच्या डोक्यात हातोडे, भिंत आणि गाण्याच्या सुरुवातीची शीळ (प्रश्न १०) एकत्र बसले ते कायमचे. त्यात स्कॉर्पियन्स २१ जुलै १९९० ला बर्लिनमध्ये, भिंत होती त्याच मोकळ्या पट्ट्यात, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचे माजी सदस्य रॉजर वॉटर्स यांच्या ‘द वॉल’च्या भव्य प्रयोगात खरोखरच वाजवून आले होते. मात्र तिथे वाजवलं ते पिंक फ्लॉइडचं गाणं.

जर्मनीत १९८९-९० च्या त्या उलथापालथीला ‘वेंडे’ म्हणतात, म्हणजे वळण. या गाण्याला तिथे सर्रास ‘वेंडेचं गीत’ म्हटलं जातं. लोकांनी एखादं गाणं आपल्या आठवणीसाठी दत्तक घेतलं की कवीच्या तारखा कोण विचारतो!

६. मॉस्कोत नेमकं काय झालं होतं?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण गाण्याचं मूळ इथेच आहे.

पहिली पायरी १९८८ ची. त्या एप्रिलमध्ये स्कॉर्पियन्सचे मॉस्को आणि लेनिनग्राड (आताचं सेंट पीटर्सबर्ग) अशा दोन्ही शहरांत कार्यक्रम ठरले होते. मॉस्कोचे रद्द झाले आणि लेनिनग्राडमध्ये लागोपाठ दहा कार्यक्रम झाले. हे तेच लेनिनग्राड, ज्याला जर्मन सैन्याने १९४१ ते १९४४ या काळात जवळजवळ नऊशे दिवस वेढा घातला होता. महायुद्धानंतर जन्मलेली ही जर्मन मुलं तिथे वाजवत होती. आमच्या वडिलांची पिढी इथे रणगाडे घेऊन आली, आम्ही गिटार घेऊन आलो, अशा अर्थाचं बँडचे लोक पुढे अनेकदा सांगत आले.

दुसरी पायरी १२ आणि १३ ऑगस्ट १९८९. मॉस्कोच्या लेनिन स्टेडियममध्ये (आताचं लुझनिकी) ‘मॉस्को म्युझिक पीस फेस्टिव्हल’ झाला. ऑझी ऑझबर्न, बॉन जोव्ही, मॉटली क्रू, सिंडरेला, स्किड रो, स्कॉर्पियन्स आणि यजमानांचा ‘गॉर्की पार्क’ हा बँड. दिवसाला लाखभर प्रेक्षक. आयोजकांपैकी एक अमेरिकी मॅनेजर डॉक मॅकगी, ज्यांना आदल्याच वर्षी गांजाच्या तस्करीच्या प्रकरणात शिक्षा झाली होती. महोत्सवाचा विषय अमली पदार्थविरोध, आणि तो मांडणारे कलावंत असे, की त्यांच्याकडे पाहून यमालाही हसू यावं. दुसरे आयोजक रशियन संगीतकार स्तास नामिन, सोव्हिएत नेते अनास्तास मिकोयान यांचे नातू.

माइने यांनी वर्षानुवर्षं सांगितलेली आठवण अशी: बंदोबस्तासाठी उभे असलेले सैनिक मैदानाकडे पाठ करून होते; स्कॉर्पियन्स वाजवू लागले तसे ते वळले आणि टोप्या हवेत उडवू लागले. आणखी एका संध्याकाळी सगळे वादक, पत्रकार आणि लाल सैन्यातले काही जवान मिळून बोटीने मॉस्क्वा नदीतून गॉर्की पार्कला गेले. एका बोटीत इतक्या देशांची माणसं आणि सगळे एकच भाषा बोलत होते, संगीताची. पहिल्या कडव्यात आहे ती हीच सहल. घरी परतल्यावर काही आठवड्यांत गाणं तयार.

७. म्हणजे सोव्हिएत संघात वाजवणारा हा पहिला पाश्चात्त्य बँड का?

नाही. बोनी एम १९७८ मध्ये आणि एल्टन जॉन १९७९ मध्येच जाऊन आले होते. हार्ड रॉकपुरतं बोलायचं तरी युराया हीप डिसेंबर १९८७ मध्ये मॉस्कोत वाजवून गेला होता.

८. मॉस्क्वा, गॉर्की पार्क, बालालाइका: हे शब्द म्हणजे काय?

मॉस्क्वा म्हणजे मॉस्को शहरातून वाहणारी नदी, शहराचं नाव तिच्यावरूनच. गॉर्की पार्क ही तिच्या काठची मोठी बाग. १९२८ मध्ये उघडली, नाव लेखक मॅक्सिम गॉर्की यांचं. स्तास नामिन यांचं संगीत केंद्र याच बागेत होतं, त्यामुळे बँडचं नावही ‘गॉर्की पार्क’ आणि बोटीचा मुक्कामही तिथेच. बालालाइका हे त्रिकोणी पोटाचं तीन तारांचं रशियन वाद्य; माझ्या गिटारला जे म्हणायचंय ते तुझ्या बालालाइकाने गावं, अशी कल्पना गाण्यात आहे. आपल्याकडे ‘तुझ्या एकतारीने गावं’ म्हटलं असतं.

संपूर्ण शब्द किंवा ओळीओळीचं भाषांतर मागू नका, ते हक्क माझ्याकडे नाहीत.

९. ‘परिवर्तनाचे वारे’ हा शब्दप्रयोग त्यांनीच आणला का?

नाही. इंग्रजीत तो गाजला ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या केप टाउनमधल्या ३ फेब्रुवारी १९६० च्या भाषणामुळे. विषय होता आफ्रिकेतल्या वसाहतींचं स्वातंत्र्य. मराठीत तर निवडणूक जाहीर झाली की प्रत्येक वर्तमानपत्रात परिवर्तनाचे वारे वाहू लागतातच, मग उमेदवार तेच का असेनात.

१०. सुरुवातीची शीळ कोण वाजवतं? खरी की यंत्रातली?

खरी, खुद्द माइने यांची. चाल सुचली तेव्हा ते कीबोर्डवर बसले होते आणि गिटारच्या सुरावटीच्या जागी त्यांनी तोंडानेच शीळ घातली. रेकॉर्ड कंपनीला ती पटली नव्हती. हार्ड रॉक बँड आणि शीळ? काढून टाका असं सुचवण्यात आलं. बँडने ती काढून पाहिली, गाणं ओकंबोकं वाटलं, पुन्हा घातली.

आता हे गाणं दोन सेकंदांत ओळखू येतं ते तिच्यामुळेच. शब्द न कळणाराही शीळ घालू शकतो, आणि माझ्या मते गाणं इतक्या देशांत पसरलं त्याचं अर्धं श्रेय तिचं आहे. उरलेलं अर्धं कशाचं, ते प्रश्न १३ मध्ये.

११. आल्या आल्याच गाजलं का? चार्टवर कितव्या क्रमांकावर होतं?

आल्या आल्या नाही. ते हळूहळू चढलं. जर्मनीत पहिल्या क्रमांकावर पोचल्यावर मात्र ११ आठवडे हललं नाही. फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे इथेही पहिलं. जगभरातली विक्री साधारण १ कोटी ४० लाख प्रतींची मानली जाते. जर्मन कलाकाराच्या सिंगलमध्ये याच्या वर कुणी नाही.

अमेरिकेत ऑगस्ट १९९१ च्या अखेरीस ते बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथं झालं. त्या महिन्याची गंमत पाहा. १९ ते २१ ऑगस्टला मॉस्कोत सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झालं, रणगाडे रस्त्यावर आले आणि तीन दिवसांत बंड फसलं. बातम्यांत मॉस्को आणि रेडिओवर मॉस्कोची ऑगस्टमधली रात्र! दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टबद्दलचं गाणं त्या आठवड्यात ताज्या बातमीसारखं वाटलं असणार.

१२. इंग्लंडमध्ये ते फसलं होतं असं वाचलं. खरं का?

अर्धं खरं. जानेवारी १९९१ मध्ये ते तिथे पन्नासाच्याही पुढेच अडकलं. त्याच वर्षी शरद ऋतूत पुन्हा काढलं तेव्हा दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पहिल्यावर ब्रायन अ‍ॅडम्स ठाण मांडून बसले होते, १६ आठवडे. त्यांच्यापुढे कुणाचंच काही चाललं नाही.

१३. समीक्षकांना आवडलं का? की नुसतंच लोकप्रिय?

लोकांइतकं नक्कीच नाही. भाबडं, गोडगोड, लायटर पेटवून हात हलवायला लावणारं, हे आक्षेप पहिल्यापासून आहेत. कट्टर हेवी मेटलवाल्यांना तर बँड पुचाट झाल्याचं दुःख.

मी आक्षेप नाकारत नाही. शब्द साधे आहेत, काही यमकं शाळकरी आहेत, आणि ‘भाऊ-भाऊ’छापाची ओळ मलाही ओशाळं करते. पण प्रश्न ११ मधले आकडे पुन्हा बघा. हे गाणं पहिल्या क्रमांकावर कुठे गेलं? जिथे इंग्रजी घरची भाषा नाही तिथे. अमेरिका आणि इंग्लंड, जिथे ती घरची आहे, तिथे चौथं आणि दुसरं. दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याने दुसऱ्या भाषेत ऐकणाऱ्यांसाठी लिहिलेलं गाणं आहे हे. इंग्रजी शिकलेल्या कुठल्याही मराठी, रशियन किंवा पोर्तुगीज माणसाला ते शब्दकोश न उघडता कळतं. साधेपणाला उणीव म्हणा, पण चाललं ते त्यावरच.

काळाचाही भाग आहे. २४ सप्टेंबर १९९१ ला ‘निर्वाणा’ या अमेरिकी बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला आणि अशा मोठ्या, केस उडवणाऱ्या बॅलडची सद्दी बघता बघता संपली. बाकीचे अडगळीत गेले, हे गाणं राहिलं. २००५ मध्ये जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीच्या प्रेक्षकांनी त्याला शतकाचं गाणं म्हणून निवडलं.

१४. गोर्बाचेव्ह यांनी बँडला बोलावलं होतं ही दंतकथा आहे का?

नाही, खरंच घडलं. १४ डिसेंबर १९९१ ला बँड क्रेमलिनमध्ये गोर्बाचेव्ह यांना भेटला. गोल्ड रेकॉर्ड आणि सिंगलच्या मानधनातले ७० हजार डॉलर दिले. ते लहान मुलांच्या रुग्णालयांसाठी जातील असं सोव्हिएत माध्यमांनी सांगितलं. अकरा दिवसांनी, २५ डिसेंबरला, गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि तो देशच उरला नाही. निरोप द्यायलाच गेले होते, फक्त कुणाला कल्पना नव्हती.

१५. हे गाणं सीआयएने लिहिलं होतं म्हणे?

ही कुजबुज जगभर पोचली मे २०२० मध्ये, अमेरिकी पत्रकार पॅट्रिक रॅडन कीफ यांच्या ‘विंड ऑफ चेंज’ याच नावाच्या पॉडकास्टमुळे. त्यांना एका ओळखीच्याकडून समजलं होतं की सीआयएमधल्या कुणीतरी तसा दावा केला आहे. त्याचा माग काढत आठ भाग झाले. पुरावा सापडला नाही. माइने यांना स्वतः विचारलं तर ते हसले आणि त्यांनी साफ नाकारलं.

कल्पना हवेतली का वाटत नाही, हेही सांगायला हवं. शीतयुद्धात सीआयएने साहित्य-कलेत खरंच पैसा ओतला होता. बोरिस पास्तरनाक यांच्या ‘डॉक्टर झिवागो’ या कादंबरीची रशियन आवृत्ती छापून सोव्हिएत संघात पोचवण्यात तिचा हात होता हे आता उघड आहे. पण एकदा केलं म्हणून दर वेळी तेच करतात असं होत नाही. शिवाय ज्याने हे शब्द रचले त्याची मातृभाषा इंग्रजी नाही हे ओळीओळीत दिसतं. हेरखात्याने लिहिलं असतं तर यमकं बरी असती.

१६. आता ते गाण्याचे शब्द बदलून गातात. का?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला. त्या वसंतात लास व्हेगासच्या कार्यक्रमांपासून माइने यांनी सुरुवातीच्या ओळी बदलल्या. मॉस्क्वा आणि गॉर्की पार्क गेले, त्या जागी युक्रेनचं नाव आणि वारं फिरण्याची वाट पाहणं आलं. रशियाचं रम्य चित्र रंगवत गाणं आता बरोबर नाही, अशी त्यांची भूमिका. चाल, शीळ, कोरस तेच.

यावर मला येणारी पत्रं दोन टोकांची असतात. एक गट म्हणतो, वारा येईल तशी पाठ फिरवली. दुसरा म्हणतो, आधीच बदलायला हवे होते. मला बदल प्रामाणिक वाटतो, आणि कारण प्रश्न ४ मध्ये दिलंय: हे गाणं झालेल्या गोष्टीचं कधीच नव्हतं, व्हावं असं वाटणाऱ्या गोष्टीचं होतं. १९८९ मध्ये वाट पाहत होते, २०२२ मध्ये पुन्हा वाट पाहू लागले. मधली तीस वर्षं आपण ते ‘झालं एकदाचं’ म्हणून ऐकलं, ही चूक ऐकणाऱ्यांची. तरी कबूल करतो, त्या बदललेल्या ओळी ऐकताना जुनी नदी आठवून चुटपुट लागते.

१७. कुठली आवृत्ती ऐकावी?

आधी १९९० ची मूळ. मग बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरची २००० मधली, वाद्यवृंद कधी कधी गाण्याला झाकून टाकतो तरी. २००१ च्या ‘अकुस्टिका’मधली, लिस्बनला केलेली, शांत आहे, मला तीच जास्त जवळची. रशियन आणि स्पॅनिश भाषांतही बँडने हे गायलेलं आहे. रशियन जरूर ऐका, ती भाषा त्या चालीवर छान बसते.

बघण्यासारखा प्रसंग म्हणाल तर ९ नोव्हेंबर १९९९, ब्रांडेनबुर्ग गेट. भिंतीचा दहावा स्मरणदिन, आणि स्कॉर्पियन्सबरोबर चेलोवादक मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच. हेच रोस्त्रोपोविच भिंत उघडल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्या पायथ्याशी खुर्ची टाकून जर्मन संगीतकार बाख यांच्या रचना वाजवत बसले होते.

१८. आपल्याकडे हे गाणं पोचलं कसं?

बहुतेकांकडे केबलवरून. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आलं आणि दूरदर्शनवर वाढलेल्या घरांत एकदम लांब केसांची माणसं शिरली. आमच्या पुण्याच्या वाड्यात एकाच घरी केबल होती. तिथे बसून पाहिलं, मग कुणीतरी भरून दिलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर टेप घासेपर्यंत ऐकलं. सोव्हिएत संघ आमच्यासाठी तोवर म्हणजे स्वस्तातली गुळगुळीत कागदाची पुस्तकं. तो देश गेला, हे आम्हाला पुस्तकं यायची थांबली तेव्हा कळलं. गाणं मात्र येतच राहिलं. बँड स्वतः डिसेंबर २००७ मध्ये भारतात आला, तेव्हा शिलाँगलाही वाजवून गेला.

१९. कॉलेजच्या गॅदरिंगला गायचंय. गिटारवर अवघड आहे का? आणि शीळ जमत नसेल तर?

गिटार सोपी आहे. सी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत सफेद एक. शिळेखाली एफ आणि डी मायनर आलटून पालटून, मग ए मायनर आणि जी. कडव्याला सी, डी मायनर, ए मायनर, जी. एफचा बार कॉर्ड दुखतो, त्याला इलाज नाही. आवाज सी मेजरला चढत नसेल तर पट्टी खुशाल खाली घ्या, माइने यांचा गळा सगळ्यांना नसतो.

शीळ जमत नसेल तर बासरी किंवा माउथ ऑर्गन चालतो. शीळच हवी असेल तर सराव दिवसा करा. मी रात्री करत असे, आणि आजी आतून ओरडायची की रात्री शीळ घातली की घरात साप येतो. साप कधी आला नाही. शेजारचे काका मात्र दोनदा आले.